आधी दवाखाना, मग तेल

गेल्या महिन्यातल्या दुसऱ्या गुरुवारी सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी माझी थोरली बहीण सुनंदा हिचे मुंबईतील एका रुग्णालयात निधन झाले. ती सदुसष्ट वर्षांची होती. निदान अंडाशयाचा कर्करोग, आणि तो कळला तेव्हा पोटात सगळीकडे पसरलेला होता. रुग्णालयात ती पाच दिवस होती. शेवटच्या वेळी तिच्याजवळ माझी पत्नी मंगल होती. मी तिथे नव्हतो. नागावच्या थोडे पुढे, समुद्राच्या बाजूला सुनंदाचे घर आहे, त्या घराच्या पडवीत मी तिच्या कुत्र्याजवळ बसलो होतो. मंगलने फोनवर एवढेच सांगितले, "ताई गेल्या." मी विचारले, काही बोलली का. मंगल म्हणाली, "काल रात्री विचारत होत्या, खारीकची लघवी झाली का. मी म्हटलं, झाली."

खारीक हे कुत्र्याचे नाव. जात डॅक्सहुंड. अंग लांब, पाय आखूड, रंग सुक्या खारकेचा. मागच्या तीन वर्षांपासून त्याचे मागचे दोन्ही पाय निकामी होते आणि मूत्राशय आपणहून रिकामे होत नव्हते. दिवसातून तीन वेळा कोणीतरी हाताने पोट दाबून लघवी काढावी लागे. ते काम सुनंदा करत होती. आपल्यानंतर ते कोण करणार, हा तिचा शेवटच्या वर्षातला एकच प्रश्न होता. स्वतःच्या आजाराबद्दल ती इतके बोलली नाही.

सुनंदा सरकारी आरोग्य उपकेंद्रात परिचारिका होती. आमचे वडील दुसऱ्यांच्या सुपारीच्या वाड्यांत शिंपणे करत, आई त्याच वाड्यांत सुपारी सोलायला जाई. वस्तीतली पहिली सरकारी नोकरी सुनंदाची. ज्या घरांत आमच्या आईला अंगणाच्या कडेला थांबावे लागे, त्या घरांत सुनंदा बाळंतिणीच्या खोलीपर्यंत थेट जाई आणि हात धुवायला साबण मागे. लग्नानंतर सहा वर्षांतच तिचे यजमान गेले, मूल नव्हते. तिने माहेरच्या गावात घर बांधले आणि निवृत्तीपर्यंत चार गावांतल्या मुलांना लशी टोचल्या. गावात तिचे एक वाक्य सगळ्यांना पाठ होते. बाळ सुकले, रडेनासे झाले, मान टाकली की घरातल्या म्हाताऱ्या आधी तेल तापवत, अंग रगडत, शेक देत आणि तीन-चार दिवसांनी उपकेंद्राची वाट धरत. सुनंदा त्यांना दारातच ऐकवी, "आधी दवाखाना, मग तेल." तिची शेजारीण जनाबाई हिच्या सुनेला तिने एकदा याच कारणावरून चारचौघांत इतके सुनावले होते की जनाबाई आठ महिने तिच्याशी बोलली नाही. ते मूल वाचले, आता कॉलेजात आहे.

खारीक तिच्याकडे आला तो निवृत्तीनंतर दुसऱ्या वर्षी. जवळच्या एका बंगल्याचे मालक मुंबईचे. शनिवारी मांडव्याला लाँचने यायचे, रविवारी परत. कुत्रा त्यांचा. पुढे त्यांचे येणे कमी झाले आणि कुत्रा राखणदाराकडेच राहिला. राखणदार नोकरी सोडून श्रीवर्धनकडे आपल्या गावी निघाला तेव्हा त्याने मालकांना फोन केला. त्यांनी सांगितले, तुला हवा तर घेऊन जा. त्याला नको होता. राखणदाराच्या बायकोचा रक्तदाब सुनंदा तपासत असे, त्या ओळखीवर तो कुत्र्याला काखेत मारून तिच्या ओट्यावर आला. "दोन दिवस ठेवा, बाई," असे म्हणाला. त्याचा फोन त्यानंतर लागला नाही. जनाबाईने कुंपणापलीकडून पाहिले आणि विचारले, "नर्सबाय, ह्यो कुत्रा हाय का मुंगूस? याचं पाय कुनी कापलं?" सुनंदा म्हणाली, "कापले नाहीत. एवढेच मिळालेत त्याला." आठ महिन्यांच्या अबोल्यानंतर दोघींमध्ये साध्या कामापुरतेच बोलणे सुरू होते. त्या दिवसापासून ते वाढले.

ही जात बिळात शिरून शिकार करायला तयार केलेली आहे, हे सुनंदाने नंतर वाचले. आधी तिने ते पाहिले. पहिल्याच आठवड्यात खारीक सुपारीच्या बुंध्याशी असलेल्या घुशीच्या बिळात खांद्यापर्यंत अडकला. जनाबाई आणि सुनंदा या दोन म्हाताऱ्या बायकांनी कोयत्याने माती उकरून त्याला शेपटीकडून बाहेर ओढले. बाहेर येताच त्याने अंग झटकले आणि पुन्हा त्याच बिळात तोंड घातले. आवाज मोठ्या कुत्र्याचा होता. फाटकाबाहेरच्या माणसाला आत अल्सेशियन असेल असे वाटे आणि फाटक उघडल्यावर तो खाली बघून हसे. पेज पिताना त्याचे कान ताटलीत पडत, म्हणून सुनंदा ते जुन्या बँडेजच्या पट्टीने डोक्यावर बांधून ठेवी. झोपताना त्याला चादरीच्या आत, अगदी पायापाशी जायचे असे. उन्हाळ्यातसुद्धा. बाहेरून फक्त एक उंचवटा दिसे, आणि भेटायला आलेला माणूस खाटेवर बसू लागला की सुनंदा म्हणे, "बघून बसा, तिथे खारीक आहे."

चक्रीवादळाच्या वर्षी घरात गुडघाभर पाणी आले. त्यानंतर आळीतल्या बहुतेकांनी केले तेच सुनंदानेही केले: घराचे जोते वाढवले. ओट्याला आधी दोन पायऱ्या होत्या, त्या जांभ्या दगडाच्या पाच झाल्या. खारीक दिवसातून पंधरा-वीस वेळा तो ओटा उतरायचा, आणि खालच्या तीन पायऱ्या तर एकाच उडीत. गावातली कुत्री वईचे काटेरी कुंपण ओलांडतात, विहिरीच्या काठावरून उड्या मारतात. पायऱ्यांनी कुत्र्याचे काही होते, हे गावात कोणालाच माहीत नव्हते. सुनंदालाही नव्हते. मीही दर महिन्याला तिथे जात होतो. त्याला उडी मारताना पाहून मी हसलो होतो, एवढे आठवते.

तीन वर्षांपूर्वी, आंब्याला मोहोर आलेला असताना, एका रविवारी सकाळी खारीक ओट्यावरून उतरला आणि चालताना त्याचे मागचे पाय एकमेकांत अडकू लागले. दाबले की पाठीत दुखत होते. तो ओरडत नव्हता, थरथरत होता. सुनंदाने त्याला मांडीवर घेतले. खोबरेल कोमट केले आणि मानेपासून शेपटीपर्यंत पाठ चोळली. विटेचा शेक दिला. सोमवारी तसेच. मंगळवारी त्याला बरे वाटल्यासारखे दिसले, म्हणून तिने पंच्याचा पट्टा करून मागची बाजू उचलून धरली आणि अंगणात दोन फेऱ्या चालवले. बुधवारी पुन्हा तेल. गुरुवारी सकाळी तो पुढच्या पायांवर सरपटत मोरीपर्यंत आला. मागचे धड फरशीवरून ओले फडके ओढावे तसे मागून आले. तेव्हा ती रिक्षा करून अलिबागला पशुवैद्यकांकडे गेली.

डॉक्टरांनी मागच्या पायाची बोटे चिमट्याने जोरात दाबली. खारीकने मान वळवली नाही. डॉक्टरांनी तिला विचारले, कधीपासून आहे. तिने सांगितले. त्यांनी विचारले, घराला पायऱ्या किती. तिने तेही सांगितले. मग ते म्हणाले, मणक्यातली गादी सरकून मज्जारज्जूवर दाब आला आहे. या जातीत हे होते. पहिल्याच दिवशी आणले असते तर पिंजऱ्यात बंद करून, हलू न देता ठेवले असते, औषधे दिली असती, मुंबईला शस्त्रक्रियेचा विचार केला असता. मालिश नको होती, चालवायला नको होते. आता फरक पडेल असे वाटत नाही. त्यांनी एक पर्याय सांगितला, तो कायमचे झोपवण्याच्या इंजेक्शनचा. सुनंदा म्हणाली, "ते नको. लघवी कशी काढायची ते दाखवा." त्यांनी एकदा दाखवले. तिला दुसऱ्यांदा दाखवावे लागले नाही.

त्या संध्याकाळी ती जनाबाईच्या ओट्यावर जाऊन बसली आणि काय झाले ते तारीखवार सांगितले. रविवार तेल, सोमवार तेल, मंगळवार चालवला, बुधवार तेल. जनाबाई पुढे मला म्हणाली, "मी तिला बोलले. म्हटलं, बाय, आमाला शिव्या घालीत व्हतीस, नं तू सोता काय केलास? तवा ती काय बोलली म्हायती? बोलली, म्हनून तर तुज्याकडं आले, तू बोलशील म्हनून." सून आतून चहा घेऊन आली. तिनेही ऐकले होते. ती कप ठेवून आत गेली.

मी सुनंदाला एकदा विचारले होते, तुला माहीत असून असे का झाले. ती म्हणाली, "माहीत असणं वेगळं, अरुण. तो मांडीवर होता..." मी पुन्हा विचारले नाही.

नंतरची तीन वर्षे एका ठरलेल्या वेळापत्रकाची होती. सकाळी सात, दुपारी दोन, रात्री नऊ. एका हाताने छातीखाली आधार, दुसऱ्या हाताची बोटे पोटाच्या दोन्ही बाजूंना. आत लिंबाएवढा गोळा लागला की सावकाश, मागच्या दिशेने दाब. ती लघवी मापाच्या भांड्यात घेई, रंग बघे, वास घेई. दर चार तासांनी कूस बदलणे, कारण एका जागी पडून कातडी फाटते. मागच्या पायांना लहान मुलांचे मोजे, नाहीतर जांभा दगड सालटे काढी. पाच पायऱ्यांच्या बाजूने तिने गवंड्याकडून सिमेंटचा उतार करून घेतला. रेवदंड्याच्या एका वेल्डिंगवाल्याने मुलांच्या सायकलची चाके लावून गाडी करून दिली. अंगणात ती चालली, वाळूत रुतली. पहिल्या दिवशी खारीक गाडीसकट घुशीच्या बिळापर्यंत गेला आणि चाके बुंध्यात अडकली. त्या दिवशी सुनंदा हसल्याचे जनाबाई सांगते. रिक्षात बाजूला बसलेल्यांना ती कुत्र्याबद्दल बोलू देत नसे. "एवढं कशाला करता, बाई, जनावराला" असे कोणी म्हटले की तिचे उत्तर ठरलेले होते: "मी केलंय ते, मीच निस्तरते."

या तीन वर्षांत ती एकदाही घराबाहेर मुक्कामाला राहिली नाही. माझ्या मुलीच्या लग्नाला पनवेलला सकाळी आली आणि लग्न लागल्यावर जेवण न करता परतली, कारण दोनची वेळ तिने साडेतीनपर्यंत लांबवली होती आणि त्यापुढे लांबवता येत नव्हती.

गेल्या दिवाळीनंतर तिचे पोट फुगू लागले. बाकी अंग वाळत होते. ती परिचारिका होती. पोटात पाणी होते आहे हे तिला कळले होते, आणि त्याची कारणे तिला माहीत होती. स्थानिक डॉक्टरांनी सोनोग्राफीनंतर तिला मुंबईला जायला सांगितले. तपासण्यांसाठी तीन-चार दिवस राहावे लागले असते. तिने आधी खारीकची सोय करते, मग जाते, असे सांगितले. हे मला तिने माघ सरल्यावर, चार महिन्यांनी सांगितले. मी चिडलो. ती म्हणाली, "ओरडू नकोस. माणूस शोध."

माणूस मिळाला नाही. मुंबईजवळच्या दोन प्राणी-आश्रयगृहांनी अपंग कुत्रा घेत नसल्याचे सांगितले. बंगल्याच्या जुन्या मालकांचा नंबर मी मिळवला; बाईंनी फोन घेतला, वाईट वाटल्याचे सांगितले आणि आपण आता बाराव्या मजल्यावर राहतो म्हणाल्या. जनाबाई त्याला खायला घाले, कूस बदले, मोजे धुवी, पण पोट दाबायला तयार होईना. सुनंदाने तिचा हात धरून दोनदा दाबून दाखवले. जनाबाईने हात काढून घेतला. "न्हाय गं बाय. माज्या हातानं फुटलं बिटलं तं? तुज्यावानी मी न्हाय शिकलेली." सुनंदा म्हणाली, "जने, सात पोरं काढलीस तू." जनाबाई म्हणाली, "ती आपसूक आली."

राहिलो मी. पनवेलला तिसऱ्या मजल्यावर राहणारा, बेचाळीस वर्षे वर्तमानपत्राच्या कार्यालयात टेबलावर बसून काम केलेला. एका रविवारी तिने मला शिकवले. ती खुर्चीवर, तिचे स्वतःचे पोट इतके वाढलेले की वाकता येत नव्हते; मी जमिनीवर, खारीक माझ्या गुडघ्यांत. "कागद धरल्यासारखा धरू नकोस. तो घाबरत नाही, तू घाबरतोयस. गोळा लागला? लागला का नाही ते सांग, 'बहुतेक' सांगू नको." चौथ्या प्रयत्नाला जमले. तिने भांडे उजेडात धरून पाहिले आणि आकडा मोठ्याने म्हटला, साठ. मग मला म्हणाली, "एक लक्षात ठेव. थेंब थेंब गळत असेल, गादी ओली असेल, तर त्याला झाली म्हणायचं नाही. ते भरून वाहणं असतं. त्या दिवशी मला सांगायचं. मी येईन." मी हो म्हटले. पुढच्या शनिवारी मंगल तिला घेऊन मुंबईला गेली. गाडीत बसायच्या आधी सुनंदाने खारीकची लघवी स्वतः काढली.

रविवार आणि सोमवार ठीक गेले. ती दिवसातून तीनदा फोन करी आणि आकडा विचारी, मी सांगे. सोमवारी डॉक्टरांनी तिच्या पोटातले पाणी काढले आणि अहवाल मंगलच्या हाती दिला. मंगळवारी दुपारी मला गोळा लागला, पण दाबल्यावर काही थेंबच आले. गादी ओली होती. वास होता. रात्रीही तसेच. सव्वानऊला तिचा फोन आला. "किती?" मी म्हणालो, पन्नास. "वास?" मी म्हणालो, नाही. ती म्हणाली, "बरं. झोप आता."

दोन्ही उत्तरे खोटी होती. खरे सांगितले असते तर ती सलाइन काढून निघाली असती. तसे तिने मंगलला दोनदा सांगून ठेवले होते. मंगळवारी संध्याकाळी डॉक्टरांनी मंगलला सांगितले होते की आता हलवू नका. पण त्याच वेळी खारीकला अलिबागला नेता आले असते. जनाबाई म्हणाली, कोमट पाण्याची पिशवी ठेवून बघू, सैल पडंल. मी ठेवली. बुधवारी सकाळी थोडी आली असे वाटले, म्हणून दुपारपर्यंत थांबलो. दुपारी पुन्हा पिशवी. संध्याकाळी मी तिला फोनवर आणखी एक आकडा सांगितला.

गुरुवारी सकाळी तिच्या निधनाचा फोन आला. मी मुंबईला गेलो. खारीक जनाबाईकडे होता. सुनंदाला गावी आणून सायंकाळी अंत्यविधी केला. वस्तीतल्यांनी बुद्धवंदना घेतली. जिच्या बाळाची लस चुकली होती म्हणून सुनंदाने एकदा जिला रस्त्यात अडवले होते, ती बाई रांगेत उभी होती. जनाबाईची सून होती. जनाबाई आली नाही. कुत्र्याला एकटे टाकता येत नव्हते.

शुक्रवारी सकाळी दहाला मी खारीकला अलिबागला नेले. डॉक्टरांनी नळी घालून मूत्राशय रिकामे केले. लघवी लाल आणि गढूळ होती. संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेल्याचे रक्ततपासणीत दिसले. त्यांनी विचारले, कधीपासून आहे. मी सांगितले, मंगळवारपासून. त्यांनी ते कागदावर लिहून घेतले. नंतर त्यांनी सुनंदाची चौकशी केली, तेव्हा मी तेही सांगितले. इंजेक्शनचा पर्याय त्यांनी पुन्हा सांगितला. मी दोन दिवस मागून घेतले. कशासाठी, हे मला तेव्हाही सांगता आले नसते.

दोन दिवसांचे नऊ झाले; तेवढे दिवस सलाइन आणि प्रतिजैविके चालली. नळी घातलेलीच होती, त्यामुळे दाबावे लागत नव्हते. दिवसा मी त्याला दवाखान्यात नेई, संध्याकाळी घरी आणी. खाणे त्याने पाचव्या दिवशी सोडले. जनाबाईने पेजेत सुका जवळा कुस्करून बोटाने तोंडात घातला, तो त्याने जिभेने बाहेर ढकलला. ती त्याला म्हणाली, "खा रं. ती आता काय येत न्हाय." कान ताटलीत पडत होते, ते तिने हाताने धरले होते.

शनिवारी संध्याकाळी सहा वाजता नळीच्या पिशवीत पंधरा मिलिलिटर लघवी जमली. रविवारी सकाळी काही जमली नाही. डॉक्टर ते इंजेक्शन घेऊन दुपारी घरी यायचे होते. ते साडेबाराला पोचले तेव्हा खारीकने पडवीत प्राण सोडलेला होता.